पाण्याच्या यादीतलं दुसरं नाव

आमच्या ख्रिस्ती मंडळीला शंभर वर्षं झाली तेव्हा एक छोटी पुस्तिका छापली. तिच्यात केवळाबाईंबद्दल एकच ओळ आहे: मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं दाई म्हणून सेवा. ती ओळ खरी आहे. पण १९८३ च्या उन्हाळ्यात त्यांनी जे केलं, आणि आम्ही बाकीच्यांनी जे केलं, ते त्या पुस्तिकेत कुठेच नाही. पुस्तिकेचा मजकूर मीच लिहून दिला होता, त्यामुळे ते चुकून राहिलं असं मला म्हणता येत नाही.

आमचं गाव उदगीरच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीपासून दोन कोसांवर. बाजाराचं गाव. ख्रिस्ती घरं अठरा, आणि त्यातली बरीचशी मिशनच्या कंपाऊंडात. प्रार्थनामंदिर, चौथीपर्यंतची शाळा, बंद पडलेला दवाखाना आणि खोल्यांची एक लांब ओळ. मी शाळेत मास्तर होतो. अक्षर बरं म्हणून मंडळीचा चिटणीसही मलाच केलं होतं. केवळाबाई माझ्या शेजारच्या खोलीत एकट्या राहत. दवाखाना बंद झाला तरी खोली त्यांच्याकडेच ठेवली होती. मी त्यांना अक्का म्हणत असे.

अक्का उंच, काटक, पांढऱ्या लुगड्यातल्या. नखं कायम कापलेली. निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलेलं, म्हणून त्या कोणालाही अरेतुरे करत. चौकीतले किशनराव हवालदार आवाज चढवून बोलले की अक्का म्हणत, "हळू बोल. तुला उलटा धरून मीच रडवलंय." हवालदार हसत, पण आवाज खाली येई.

त्यांचा स्वभाव मात्र गोड नव्हता. पेठेतल्या चंद्रप्पा शेटजींच्या सुनेचं पहिलं बाळंतपण अक्कांनी केलं. मुलगा झाला, पण वेळ वाईट नक्षत्रावर निघाली. शेटजींनी निरोप पाठवला, की बाई, पाव तास पुढची वेळ सांगा, शांत करायची कटकट नको. अक्का म्हणाल्या, "घड्याळ माझं न्हाई, दवाखान्याचं हाय." शेटजी वर्षभर बोलले नाहीत. दुसऱ्या बाळंतपणाला मात्र त्यांचीच गाडी अक्कांना न्यायला आली. ही गोष्ट गावात सगळे हसत सांगत. अक्कांचा खरेपणा आम्हाला तेव्हा असाच वाटे, हसत सांगण्याजोगा.

गौसियाबी १९८२ च्या मे महिन्यात आली. कंपाऊंडाच्या भिंतीला लागून तिच्या बापाचं घर होतं. ती आणि अक्का लहानपणी त्या भिंतीवर बसून चिंचा खात. हैदराबादच्या पोलीस ॲक्शननंतर दोन वर्षांनी तिचा नवरा तिला घेऊन कराचीला गेला. तेव्हा ती वीसएक वर्षांची होती. आता बावन्न वर्षांची होऊन ती आजारी भावाला भेटायला आली होती. व्हिसा तीन महिन्यांचा, आणि त्यावर जागा लिहिलेली: आमचं गाव, तालुका उदगीर, जिल्हा उस्मानाबाद. दुसरीकडे कुठे मुक्काम करायचा नाही. दर आठवड्याला चौकीत जाऊन अंगठा द्यायचा.

भाऊ जुलैत वारला. त्याची मुलं घर विकून कंधारला दुकान टाकायला गेली. त्यांनी आत्याला नेलं नाही. ती नांदेड जिल्ह्यात जाऊ शकत नव्हती हे खरं, पण त्यांनाही पोलिसांचा ससेमिरा नको होता. कराचीत नवरा मेलेला. मुलगा दुबईला, त्याच्या खोलीत सुनेचे भाऊ राहत होते. ती इकडे यायला निघाली तेव्हाच त्यांनी तिची खाट बाहेर काढली होती. परत जायचं म्हणजे कोणाकडे, हे तिला सांगता येत नव्हतं.

अक्का तिला हाताला धरून आपल्या खोलीत घेऊन आल्या. "भिंतीच्या ह्या अंगाला ये. तेवढंच."

ऑगस्टमध्ये नवा जिल्हा झाला. शाळेच्या पाटीवरचं 'जि. उस्मानाबाद' पुसून मी स्वतः 'जि. लातूर' रंगवलं. मुलांना पेढे वाटले. त्याच महिन्याच्या अखेरीस गौसियाबीचा व्हिसा संपला. मुदत वाढवून मागायला दोघी चौकीत गेल्या. किशनराव हवालदारांनी पासपोर्ट उलटासुलटा केला आणि म्हणाले, "बाई, हिचे कागद उस्मानाबादेत. आता आपण लातूरचे. ते कागद कधी येतेत देवाला ठाऊक. बोलावणं आलं की सांगतो. तवर अंगठा बी नको."

बोलावणं आलं नाही. सप्टेंबर गेला, दिवाळी गेली, आमचा नाताळ झाला. गौसियाबी खोलीत शिवणकाम करी, पाच वेळा नमाज पढे, संध्याकाळी अक्कांचे पाय चेपून देई. प्रार्थनामंदिरात ती कधी आली नाही आणि अक्कांनी तिला कधी बोलावलं नाही. मी एकदा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "तिला घरात घेतलंय, जाळ्यात न्हाई."

तिची मुदत संपली आहे, हे कंपाऊंडात सगळ्यांना माहीत होतं. मलाही. आम्ही त्याबद्दल बोलत नव्हतो इतकंच.

त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. फेब्रुवारीत कंपाऊंडातली विहीर आटली. मार्चपासून टँकर सुरू झाला, माणशी दोन घागरी. प्रत्येक गल्लीने आपली यादी द्यायची, घर, नाव, वय. ती यादी पंचायतीच्या भिंतीवर डकवत, कारण लोक मेलेल्या आजोबांची नावं घालत होते. आमच्या मलप्पांनी सुनेच्या पोटातलं मूलही धरलं होतं. मलप्पा रेल्वेत गँगमन, मंडळीचे पंच. मी नाव काय लिहू म्हणून विचारलं तर म्हणाले, "तहानलेला मलप्पा लिही."

कंपाऊंडाची यादी करणं माझ्याकडे होतं. अक्कांच्या दारात जाऊन मी वही उघडली.

"अक्का, तुमचं एक नाव लिहितो."

"दोन लिही."

"दोन घागरी मी माझ्यातल्या देईन."

"तुझ्या घरात पाच लेकरं. गुणाबाई मला झाडूनं मारंल." गुणाबाई म्हणजे माझी बायको.

"मग तुमची बहीण म्हणून लिहितो. उमादेवी."

"उमादेवी कोण?"

"कोणी नाही. नाव आहे."

"नसलेल्या बाईच्या नावानं पाणी उचलू? मास्तर, लोकांच्या तोंडचं पाणी हाय ते. हाय ते लिही. गौसियाबी, वय बावन्न, पाहुणी."

आतून गौसियाबीचा आवाज आला, "मेरा नाम नक्को लिखो, मास्तर. मैं केवळा के पानी में निभा लेतूं."

"तू गप गं," अक्का म्हणाल्या. "नमाजाआधी हातपाय कशानं धुशील, मातीनं?"

"पानी नै तो मट्टी से बी चलता."

"चालत असंल. पर माझ्या खोलीत तू रोज अंघोळ करायची. मी दाई हाय."

दोघी हसल्या. मीही हसलो आणि लिहिलं. अक्कांनी वही हातात घेऊन वाचली आणि मगच मला जाऊ दिलं. घरी येऊन यादी पक्की करताना मी ते नाव गाळू शकलो असतो. तसा विचार मनात आला होता. पण रोज टँकरवर यादी वाचून पाणी मिळे, आणि दुसऱ्या दिवशी अक्कांनी मला सोडलं नसतं. म्हणून ठेवलं. धैर्य वगैरे काही नव्हतं.

यादी लागली आणि चार दिवसांत गावात बोलणं सुरू झालं. बाजारात कोणीतरी मलप्पांना विचारलं, "काय गँगमन, आमच्या बायका दोन कोस हिंडून राहिल्या अन् तुम्ही पाकिस्तानला पाणी पाजून राहिले म्हणं?" लोक हसले. मलप्पा न हसता घरी आले.

त्या रविवारी उपासनेनंतर पंचांची सभा झाली. पाळकसाहेब अमृतराव उदगीरहून महिन्यातून दोनदा येत. शांत माणूस, कोणाला टाकून बोलणारा नव्हे. अक्कांना समोर बसवलं. त्यांनी खुर्ची नाकारली आणि सतरंजीवर बसल्या.

मलप्पांनी सुरुवात केली. "पेपरात आसामचं वाचलंव का? बाहेरचे लोक घुसले म्हणून माणसं मारून राहिलेत तिथं."

"ती घुसली न्हाई," अक्का म्हणाल्या. "ती हितली हाय."

"मग गेली कशाला?"

"नवऱ्यानं नेलं. तुझी बायको बिदरहून तुझ्यामागं आली, तवा तिला कुणी इचारलं व्हतं का?"

मागे बसलेल्या बायका हसल्या. मलप्पांचा चेहरा उतरला, पण ते थांबले नाहीत. पुढे ते जे बोलले ते मला अजून आठवतं, कारण ते मूर्खपणाचं नव्हतं.

"अक्का, माझी दोन्ही पोरं तुमच्या हातावर झाली. मी तुमचा वैरी न्हाई. पर आपली घरं अठरा. आधीच लोक म्हणतेत ह्यांना परदेशातून पैसा येतो. उद्या म्हणतील परदेशातून माणसं बी येतेत. दया तुम्ही करणार, अन् दगड माझ्या पोरांच्या डोक्यात पडणार. तुमच्या दयेचं ओझं त्यांनी का उचलायचं, तेवढं सांगा."

अक्का म्हणाल्या, "तुझं बी खोटं न्हाई, मलप्पा."

पाळकसाहेब म्हणाले, "केवळाबाई, अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा असं आपलं शास्त्र सांगतं. मी ते लिहिलेलं नाही."

"परक्याला घरात घ्या, हे बी तुम्ही लिहिलेलं न्हाई, पाळकसाहेब."

"नाही. दोन्ही आहे. मला रात्रभर हाच विचार पडला होता. भुकेल्याला भाकर दिली तर कोणताही कायदा मोडत नाही. पण मुदत संपलेल्या माणसाला गुपचूप ठेवलं की आपण कायद्याच्या बाहेर गेलो. आता ही मंडळी तुम्हाला पाठीशी घालेल तर मंडळीही गेली."

"गुपचूप न्हाई. पंचायतीच्या भिंतीवर नाव लावलंय."

"यादी म्हणजे परवानगी नव्हे. चौकीवाल्यांनी बोलावलं नाही म्हणून तुम्हीही गेला नाहीत. खरं सांगा, विसरलात की मुद्दाम गेला नाहीत?"

मला वाटलं अक्का चिडतील. त्या खाली सतरंजीकडे बघत राहिल्या.

"मुद्दाम," त्या म्हणाल्या. "गेले तर तिला नेतील म्हणून गेले न्हाई. रोज वाटायचं, आज जावं. अन् रोज वाटायचं, उद्या."

"मग ते खरेपणाचं झालं का?"

"न्हाई झालं."

पंचांनी ठराव करायचं ठरवलं: पाहुणीला आठ दिवसांत कंपाऊंडाबाहेर पाठवावं. मी लिहायला लागलो. अक्का उठून उभ्या राहिल्या.

"खोड, मास्तर. रस्त्यावर काढायला तिला घरात घेतलं नव्हतं. पाळकसाहेब म्हणतेत ते माझ्या मनाला लागलंय. मीच तिला घेऊन लातूरला जाते, साहेबाला सगळं सांगते, अन् राहू द्या म्हणून मागते. खरं सांगून मागितलं तर माणूस ऐकतो."

पाळकसाहेबांना बरं वाटलेलं दिसलं. ते म्हणाले, "देव तुमच्या बरोबर असो. आपले चिटणीस, नरसिंग मास्तर, बरोबर जातील." आणि सभा संपल्यावर मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "मास्तर, मंडळीचं नाव मात्र यात येऊ देऊ नका. अठरा घरांचा प्रश्न आहे." मी मान हलवली.

गौसियाबीला अक्कांनी सांगितलं तेव्हा मी दारात होतो. ती शिवत होती. सुई तशीच धरून म्हणाली, "केवळा, कोई बुलाया नै तो हम कायकू जाना?"

"कारण रोज दार वाजलं की तू बी दचकतीस अन् मी बी. असं मरेपर्यंत दचकत राहायचं का? एकदा सांगून टाकू. तो बी माणूसच हाय."

"नै माना तो?"

अक्का म्हणाल्या, "मानंल."

गौसियाबीने दोऱ्याची गाठ मारली. "तू बोल्तीस तो आतूं," ती म्हणाली. "तेरे बोलने पे आतूं, मेरे दिल से नै."

लातूरला आम्ही सकाळच्या एसटीने गेलो. बाहेर सगळीकडे काळी, भेगाळलेली रानं. परदेशी लोकांची नोंद होते ते कार्यालय भाड्याच्या इमारतीत नुकतंच थाटलेलं होतं. भिंतींना रंगाचा वास, खुर्च्यांना कागद तसेच गुंडाळलेले, आणि कोपऱ्यात उस्मानाबादेहून आलेल्या फायलींची पोती. दोन तास बसलो. मग साहेबांनी आत बोलावलं. तरुण होते. बायकांना खुर्च्या दिल्या, पाणीही दिलं.

अक्कांनी सगळं सांगितलं. चिंचेची भिंतही सांगितली, भावाचं मरणही, बरोबर आलेला मी कोण हेही. आपण मुद्दाम आलो नाही, हेही सांगितलं. साहेबांनी मध्ये तोडलं नाही. मग त्यांनी एका माणसाला एक पोतं सोडायला लावलं, अर्ध्या तासाने फाईल सापडली. ती वाचून त्यांनी चष्मा काढला.

"बाई, तुम्ही आला नसता तर हे पोतं मी पुढच्या वर्षी सोडलं असतं," ते म्हणाले. "पण आता तुम्ही माझ्यासमोर आहात, आणि मला हे माहीत झालं आहे. माहीत नाही असं मला वागता येणार नाही. ठेवण्याचा अधिकार मला नाही. पाठवण्याचा आहे."

"अर्ज केला तर?" अक्कांनी विचारलं.

"अर्ज दिल्लीला जातो. वैध मुदत चालू असताना केला असता तर उत्तर येईपर्यंत राहता आलं असतं. सात महिने झाले. शिवाय व्हिसा उस्मानाबाद जिल्ह्याचा. लातूर जिल्ह्यात राहण्याची यांना एक दिवसाचीही परवानगी नाही."

गौसियाबी म्हणाली, "मैं तो हिलीच नै, साब. जिल्हा हिल्या."

साहेब हसले नाहीत. त्यांनी मान खाली घातली आणि कागद पुढे ओढला. "ठेवून घेणाऱ्यावरही गुन्हा होतो, बाई. मला लिहावं लागेल. यांची मुदत संपली आहे हे तुम्हाला माहीत होतं? नीट विचार करून सांगा. माहीत नव्हतं म्हणालात तर तुमचा विषय इथेच संपतो."

"माहीत व्हतं."

त्यांनी लिहिलं. मग माझ्याकडे वळले. "तुम्ही मंडळीचे चिटणीस. कंपाऊंड मंडळीच्या ताब्यात आहे. मंडळीला माहीत होतं?"

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्या समोर टेबलावरच्या दौतीकडे बघत होत्या. मला पाळकसाहेब आठवले, मलप्पा, माझी पाच मुलं. खोटं बोलायचं असं मी ठरवून आलो नव्हतो. ठरवून आलो असतो तर कदाचित जीभ अडखळली असती.

"नाही साहेब," मी म्हणालो. "परवा यादी लागली तेव्हा कळलं."

त्यांनी तेही लिहिलं, आणि मी खाली सही केली. चांगल्या अक्षरात.

परतीच्या एसटीत गौसियाबी खिडकीशी बसली होती. अहमदपूरच्या फाट्यावर गाडी थांबली तेव्हा अक्कांनी तिच्यासाठी चहा आणला. तिने तो अर्धा पिऊन उरलेला कप अक्कांच्या हातात दिला, लहान मुली करतात तसा.

पंधरा दिवसांची मुदत मिळाली. त्या पंधरा दिवसांत अक्कांनी तीन अर्ज लिहून घेतले, दोन माझ्याकडून, एक उदगीरच्या वकिलाकडून. उत्तर एकाचंही वेळेत आलं नाही. चंद्रप्पा शेटजींनी मात्र न सांगता एक चांगली घोंगडी पाठवली, प्रवासात थंडी वाजेल म्हणून. एप्रिल महिना होता, पण दिल्लीच्या पुढे काय हवा असते हे आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं.

उदगीर स्टेशनवर किशनराव हवालदार आणि लातूरहून आलेली एक पोलीस बाई तिला घेऊन जायला होते. मी गेलो होतो. मलप्पा तिथे ड्यूटीवर होते. ते रुळांच्या पलीकडे हातात हातोडा घेऊन उभे राहिले, जवळ आले नाहीत आणि गेलेही नाहीत. गाडी येईपर्यंत गौसियाबी आपल्या पत्र्याच्या पेटीवर बसली होती. अक्कांनी तिच्या मांडीवर भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं ठेवलं.

"पोचलीस की पत्र टाक."

"कां से टाकूं? कौन से घर का पता लिखूं?"

"मशिदीचा लिही. हाय का न्हाई तिथं मशीद?"

"मस्जिद में औरतां के खत नै रखते," गौसियाबी म्हणाली, आणि रडता रडता हसली. मग अक्कांचा हात धरून म्हणाली, "तेरे पे गुस्सा नै मेरेकू. पर मैं बोली थी, केवळा. मैं बोली थी नक्को जाना."

अक्का म्हणाल्या, "हाव. तू बोलली व्हतीस."

गाडी आली. किशनराव हवालदारांनी पेटी स्वतः चढवली. पोलीस बाईने गौसियाबीला दंडाला धरून वर घेतलं. गाडी हलल्यावर अक्का तिच्याबरोबर चार पावलं चालल्या आणि थांबल्या.

पत्र कधी आलं नाही.

जूनमध्ये अक्कांची केस उदगीरच्या कोर्टात उभी राहिली. वकील म्हणाले, गुन्हा नाकबूल करा, साक्षीदारच नाही. अक्कांनी कबूल केला. न्यायाधीशांनी वय बघून दंड आणि कोर्ट उठेपर्यंत बसण्याची शिक्षा दिली. अकरा वाजल्यापासून साडेपाचपर्यंत त्या मागच्या बाकावर बसून होत्या. दुपारी मी डबा नेला. त्या म्हणाल्या, "शिक्षेत भाकरी चालती का, इचार त्या शिपायाला." शिपाई म्हणाला, चालते. मग खाल्ली.

पुढच्या महिन्यात पाळकसाहेबांनी सभेत सांगितलं, की केवळाबाईंना शिक्षा झालेली असल्यामुळे प्रभुभोजनाची भाकर तयार करण्याचं काम काही दिवस दुसऱ्या कोणी करावं. ते त्यांना जड जात होतं, हे दिसत होतं. पण त्यांनी सांगितलं, आणि मी ठराव लिहिला. उपासनेत सगळ्यांना वाटायची ती भाकर अक्का वीस वर्षं भाजत होत्या. 'काही दिवस' कधी संपले नाहीत, कारण कोणी पुन्हा विषय काढला नाही. अक्काही दर रविवारी येत राहिल्या, प्रभुभोजन असेल तेव्हा भाकर घेत राहिल्या. ती कोणी भाजली आहे हे त्यांना चवीवरून कळत असे, कारण एकदा मला म्हणाल्या, "मलप्पाची सून मीठ टाकून राहिली. सांग तिला, ह्यात मीठ नसतं."

मी त्यांच्याशी नेहमीसारखा वागत होतो. त्याही वागत होत्या. पण शेजारच्या खोलीत, पातळशा भिंतीपलीकडे त्या खोकल्या की लिहिता लिहिता माझा हात थांबे.

सहा वर्षांनी त्या आजारी पडल्या. उठता येईना. गुणाबाई त्यांना पेज भरवी, दुपारी शाळा सुटली की मी जाऊन बसे. एका दुपारी मी सांगितलं. म्हणालो, "अक्का, लातूरला मी खोटं बोललो. मंडळीला सगळं माहीत होतं. मलाही."

"मला काय बहिरी समजलास? शेजारीच बसले व्हते."

"मी खरं बोललो असतो तर?"

"तर तुझ्यावर बी केस झाली असती. पाळकसाहेबांवर झाली असती. गौसी गेलीच असती."

मला थोडं हलकं वाटलं. ते त्यांना दिसलं असावं. त्या कुशीवर वळल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "पर मी त्या बाकावर एकटी बसले, मास्तर. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तू डबा घेऊन आलास. मला डबा नको व्हता."

मी त्यांचं पांघरूण सारखं केलं.

मग त्याच म्हणाल्या, "तुझं जाऊ दे. तू खोटं बोललास, त्यानं तिचं काही बिघडलं न्हाई. मी खरं बोलले, त्यानं बिघडलं. ती नको म्हणत व्हती. मला माझं मन साफ करायचं व्हतं, म्हणून तिला नेलं. ते पोतं त्या साहेबानं वर्षभर सोडलं नसतं. वर्षात काय बी झालं असतं. मेली असती हितंच, तिला तेवढंच पाहिजे व्हतं."

"मग गप्प राहायला हवं होतं का, अक्का?"

त्यांनी डोळे मिटले. झोपल्या असं वाटून मी उठायला लागलो, तेव्हा म्हणाल्या, "प्रार्थनेत रोज इचारते. देव बी तुझ्यासारखाच हाय, डबा आणून देतो अन् गप बसतो."

मग त्यांनी पाणी मागितलं. मी डोकं उचलून त्यांना पाजलं. दोन घोट घेऊन त्या म्हणाल्या, बस, आता जा, लेकरं हायस्कुलातून आली असतील. मी गेलो. त्यानंतर त्या आठ दिवस होत्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही आणि मीही काढला नाही.